आणि वर एक

ज्या माणसाला आयरिनने रविवारी ब्लॉक केलं होतं, त्याची बोली बुधवारी तिन्हीसांजेला परत आली. नाव वेगळं होतं. पण नावाचं काय, नाव कुणीही काहीही घेतं. त्या लिलावाच्या साइटवर तर लोक स्वतःला वाघ, राजा आणि डॉन म्हणवून घेत आणि पार्सल मागवत ते वडिलांच्या दुकानाच्या पत्त्यावर. तिने त्याला ओळखलं ते बोलीवरून. शेवटचं मिनिट, आधीच्या माणसाचा आकडा, आणि वर एक रुपया. तो आकडा पडद्यावर उमटला आणि लिलाव संपला. अभिनंदन, तुमची वस्तू विकली गेली आहे, असं साइटने तिला हिरव्या अक्षरांत कळवलं. आयरिनने माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. खाली मिरा रोडच्या बेव्हर्ली पार्कच्या रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता, शेजारच्या फ्लॅटमध्ये कुणीतरी कुकर लावला होता, सगळं रोजच्यासारखंच होतं. आणि तरी तिला वाटलं, की आपल्या पाठीमागे, खोलीच्या दारात, कुणीतरी आपण वळण्याची वाट बघत उभं आहे. ती वळली नाही. अशा वेळी वळायचं नसतं हे तिला फार लहानपणापासून माहीत होतं. ते कुणी शिकवलं हे मात्र त्या क्षणी तिला आठवेना.

ती कंदील विकायची. बोटींवरचे जुने, जाड काचेचे, पितळी टोपीचे कंदील. तिच्या माहेरी, उत्तनला, घराघराच्या माळ्यावर असा एखादा पडलेला असे. बोटींवर बॅटरीचे दिवे आले तसे ते जाळ्यांच्या ढिगाखाली गेले, आणि ते मागायला गेलं की म्हाताऱ्या बायका तिच्याकडे अशा बघत की जणू ती फुटलेलं मडकं मागतेय. घेऊन जा गो, तेवढीच अडगळ कमी. मग आयरिन ते पितळ चिंचेने घासायची, काच पुसायची, काळ्या कापडावर ठेवून फोटो काढायची आणि शाळेत शिकलेलं सगळं इंग्रजी खर्चून खाली वर्णन लिहायची. पुण्याचे, बंगळूरचे लोक ते घेत आणि त्यात बल्ब लावून हॉलमध्ये टांगत. टांगोत बिचारे. तिला त्यांच्या हॉलशी काही देणंघेणं नव्हतं. तिला हवी असायची ती त्यांनी नंतर लिहिलेली एक ओळ आणि तिच्यापुढची चांदणी. प्रामाणिक विक्रेती. पॅकिंग उत्तम. पुन्हा घेईन. आयरिन त्या ओळी दुपारी एकटी असताना वाचत बसायची, क्वचित मोठ्याने सुद्धा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक चांगली’ असं लिहिलं होतं, त्यानंतर तिच्याबद्दल कुणी काही लिहिलंच नव्हतं. लग्न झालं, ती मिरा रोडला आली, आणि सॅव्हियोची बायको झाली. सॅव्हियो भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर होता. माणूस चांगला होता, पण चांगल्या माणसाची बायको एवढीच ओळख घेऊन माणूस किती वर्षं काढणार? त्या चांदण्या तिच्या होत्या. तिच्या एकटीच्या.

आणि हा माणूस त्या एकेक करून विझवत होता. शेवटच्या मिनिटाला यायचा, बोली जिंकायचा आणि गप्प व्हायचा. पैसे नाहीत, निरोप नाही, फोन लावला तर तो अस्तित्वात नसायचा. खरं घेणारं गिऱ्हाईक तोवर रागावून दुसरीकडे गेलेलं असे. अशा माणसांपासून स्वतःला कसं वाचवावं याबद्दल साइटवर पानभर सल्ले दिलेले होते, आणि सॅव्हियोने एका संध्याकाळी ते चष्मा लावून, चर्चमध्ये वाचन करायला उभं राहावं तसे वाचून दाखवले होते. बोली लावणाऱ्याला आधी किती चांदण्या आहेत ते पाहा. संशय आला तर बोली रद्द करा. पैसे आल्याशिवाय माल हलवू नका. दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला विचारा. साइटकडे तक्रार करा. आणि सगळ्यात शेवटी, ब्लॉक करा. “ब्लॉक केलेल्या सभासदाला तुमची वस्तू दिसत राहील,” सॅव्हियो वाचत होता, “मात्र त्याची बोली तुमच्यापर्यंत पोचणार नाही.” आयरिन कांदा चिरत होती. तिचा हात तिथेच थांबला. “परत वाच,” ती म्हणाली. “काय परत वाच? ब्लॉक कर ना, विषय संपला. ओरडू दे बाहेरून.” तिने ब्लॉक केलं. तो दुसऱ्या नावाने आला. तिने तेही नाव त्या यादीत टाकलं. ज्याला एकही चांदणी नाही त्याला बोली लावता येणार नाही, अशी अटसुद्धा तिने घातली, तरी तो आलाच. आणि मग तिच्या नावापुढे पहिली लाल खूण आली. पैसे न देणाऱ्यालासुद्धा विकणाऱ्याबद्दल एक ओळ लिहायचा हक्क होता म्हणे. अशा आणखी एकदोन खुणा झाल्या तर खातं बंद होईल, असं साइटने नम्रपणे कळवलं. लाल खुणेपुढची ओळ लहानशी होती. विक्रेती ऐकत नाही.

“ऐकत नाही म्हणजे भाव कमी करत नाही असं म्हणायचंय त्याला,” सॅव्हियो म्हणाला. “आणि एक रुपया वर लावायची आयडिया सगळेच करतात गं. मी पण करीन.” सॅव्हियोकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर असायचं, आणि ते बहुतेक वेळा बरोबरही असायचं. तेच तर वाईट होतं. त्याच्या बरोबर उत्तरांनंतर तिची भीती तेवढी उरायची, आणि ती ठेवायला जागा उरायची नाही.

बुधवारच्या त्या बोलीनंतर मात्र एक निरोप आला. पहिलाच. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी होतं, सगळं लहान लिपीत, कुठे पूर्णविराम नाही. याच्या उजेडात माणसाचा चेहरा दिसतो का, एवढंच त्याने विचारलं होतं. आयरिनने ते वाचलं आणि तिच्या नाकात एकाएकी ओल्या वाळूचा आणि बोंबलाचा वास आला. ती उठली, स्वयंपाकघरात गेली, पाणी प्यायली. वास तिथेही होता. कंदिलांचाच असणार, ती स्वतःला म्हणाली, इतकी वर्षं बोटींवर टांगलेले कंदील, काय गुलाबाचा येणार आहे? पण पाणी पितापिताच तिच्या डोळ्यांपुढे उत्तनचा किनारा उभा राहिला होता, आणि तो आता जाणार नव्हता. संध्याकाळी बोटी लागायच्या, टोपल्या उतरायच्या, आणि चर्चची सांजेची घंटा होऊन गेली की आय लिलावाला उभी राहायची. आय म्हणजे तिची आई. गुडघ्याच्या वर कासोटा मारलेलं लुगडं, डाव्या हातात कंदील, समोर वाळूवर बोंबलांचे वाटे. भोवती व्यापाऱ्यांचं कडं. अंधार पडत चाललेला असायचा, सगळे एकाच वेळी ओरडायचे, आणि कोण काय बोललं याच्यावरून भांडणं होऊ नयेत म्हणून आयने स्वतःपुरता एक नियम करून ठेवला होता. ज्याचा चेहरा कंदिलात दिसेल त्याचीच बोली. मागून कुणी ओरडलं की आय कंदील उंच करून म्हणायची, “म्होरं ये, मंग बोल!” आणि माणूस गर्दीतून वाट काढत उजेडात यायचा. छोटी आयरिन आयच्या लुगड्याला धरून उभी असे आणि एकेक चेहरा अंधारातून वर येताना बघे. ओळखीचे चेहरे, रोजचे, तरी दर वेळी ती लुगडं आणखी घट्ट धरायची. अंधारातून कोण वर येईल याचा काय भरवसा?

त्यात एक काशीनाथ होता. भाईंदरहून सायकलवर दोन टोपल्या बांधून यायचा. उंच, थोडा वाकलेला, आणि बोली लावायची त्याची एक ढब होती. तो कधी स्वतःचा आकडा सांगायचा नाही. दुसऱ्याचा आकडा होऊ द्यायचा आणि मग सावकाश म्हणायचा, “आणि वर एक.” लोक हसायचे. आयसुद्धा हसायची. एकदा त्याने असा एक मोठा वाटा घेतला, सगळ्यांच्या वर एक चढवून घेतला, आणि पैसे द्यायच्या आधी एकदम गर्दीतून निघून गेला. सायकल घेतली आणि गेला. आता येईल, मग येईल, म्हणून वाटा तसाच राहिला, बाकीचे व्यापारी आपापला माल घेऊन निघून गेले, आणि सकाळपर्यंत तो सगळा बोंबील नासला. ज्याच्या बोटीचा माल होता त्याने आयला चारचौघांत नको नको ते ऐकवलं. दुसऱ्या दिवशी काशीनाथ आला तेव्हा लिलावाला जमलेल्या मासळीवाल्या बायकांनी त्याला पाठ दिली. ठरवून, बोलून नव्हे. तो बोलायला लागला की त्याच्या बाजूची बाई त्याच्याकडे पाठ करायची, पुढची तिच्या मागे, आणि आय कंदील दुसरीकडे फिरवायची. शिव्या नाहीत, भांडण नाही. तो तिथे नव्हताच. आणि गंमत म्हणजे तो रोज यायचा. कड्याच्या मागे उभा राहायचा आणि ओरडायचा. बोली लावायचा, आणि मधूनमधून दुसरंही काहीतरी सांगायचा, लांबलचक, घाईघाईने, पण गलक्यात ते कळायचं नाही. आयरिनने आयचं लुगडं ओढून विचारलं होतं, तो काय म्हणतोय गो? आयने खाली न बघता उत्तर दिलं होतं. तिथं कोण न्हाय.

मुलांचा विश्वास बसतो. आयरिनचाही बसला. नंतर नंतर तर ती स्वतःच त्या आवाजाकडे पाठ करून उभी राहू लागली, मोठ्या बायकांसारखी, कमरेवर हात ठेवून. मागून आवाज येत राहायचा आणि मानेवरचे केस उभे राहायचे, आणि वळायचं नाही, वळायचं नाही, असं ती मनात म्हणत राहायची. पुढे आवाज कधी बंद झाला ते तिला आठवत नव्हतं. सायकल मात्र आठवत होती. ती बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या वलांडीला टेकलेली होती आणि तिथेच राहिली. तिची सीट गेली, चाकं वाळूत रुतली, गंजून ती लाल झाली, पण तिला कुणी हात लावला नाही, भंगारवाल्यानेसुद्धा नाही. मुलांनी विचारलं की मोठी माणसं म्हणत, कंची सायकल?

गुरुवारी दुपारी आयरिनने रिक्षा केली. साइटने या वेळी जो पत्ता दिला होता तो काशीमीऱ्याचा होता, हायवेच्या पलीकडचा, गॅरेजच्या रांगेतला. सॅव्हियोला तिने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो बरोबर आला असता, आणि मग तिथे जे काही असेल ते नाहीसं झालं असतं. ट्रक एकामागून एक जात होते, जमीन हादरत होती, डिझेलच्या धुरात माणसं डोळे बारीक करून चालत होती. पत्त्यावर एक सायबर कॅफे निघाला. पत्र्याच्या शेडमध्ये फळ्या लावून केलेले कप्पे, आणि काउंटरवर कानात वायर घातलेला एक तरुण माणूस. तिने बोली लावणाऱ्याचं नाव सांगितलं. त्याने नकारार्थी मान हलवली. मग तिने विचारलं, इथून कुणी लिलावाच्या साइटवर येतं का, कंदील घेतं का? “शाम को एक आता है,” तो म्हणाला. “कोने वाली मशीन पे बैठता है.” कसा दिसतो, तिने विचारलं. त्याने सांगायला तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं. “ठीक से देखा नहीं कभी, मॅडम. पैसे रख के चला जाता है.” उमर? तो हसला. “आदमी है. अब किसका मुँह देखते बैठूँ मैं?” त्याने काही लपवलं नव्हतं, हे तिला स्पष्ट कळत होतं. त्याने खरंच कधी पाहिलं नव्हतं. कोपऱ्यातल्या कप्प्यावरची ट्यूब बंद होती. बाकीच्या सगळ्या चालू, तेवढीच बंद. “नई लगाता हूँ तो उड़ जाती है,” तो म्हणाला, आणि वायर परत कानात घातली. आयरिन त्या कप्प्यापर्यंत गेली. खुर्ची होती, पडदा होता, कळफलकावर धूळ नव्हती. तिथे तिला तो वास परत आला. डिझेलच्या, ऑइलच्या, समोरच्या हॉटेलातल्या तंदुरीच्या वासांच्या खालून, हळूच. समुद्र तिथून कितीतरी लांब होता. तिने खुर्चीच्या पाठीला हात लावला आणि काढून घेतला. भाजल्यासारखा.

रिक्षात बसल्यावर तिला स्वतःची लाज वाटली. काय शोधायला गेली होती ती? कुणीतरी रिकामटेकडा माणूस असेल. जगात अशी माणसं असतात, ज्यांना वस्तू नको असते, नुसतं जिंकायचं असतं. सल्ल्यांच्या पानावर तसं लिहिलंच होतं. पण शांती नगरच्या वळणावर रिक्षा थांबली असताना तिच्या मनात आलं, की त्या पानावर एक सल्ला मात्र नव्हता. काय झालं म्हणून विचारा, असं कुठेच नव्हतं. अशा माणसाशी संवाद वाढवू नका, असं होतं. आणि मग तिला वाटलं, की आयने किनाऱ्यावर जे केलं ते काय वेगळं होतं? तिथे यादी नव्हती, एवढंच. ती खाली उतरून घरी गेलीच नाही. तशीच स्टेशनपर्यंत गेली, भाईंदरला पोचली आणि उत्तनची बस धरली.

आय ओसरीवर बसली होती. आता तिला कमी दिसायचं, पण पावलांवरून माणूस ओळखायची. “आयरिन? मधीच कशी आली गो? सॅव्हियो बरा हाय ना?” सॅव्हियो बरा हाय, आयरिन म्हणाली, आणि चपला काढायच्याही आधी तिने विचारून टाकलं. आय, तो काशीनाथ, तो खरंच होता ना? आयने हातातली जपमाळ मुठीत गोळा केली. “कंचा काशीनाथ?” ती म्हणाली. इतक्या वर्षांनंतर, आंधळी होत आलेली म्हातारी, आणि अजून त्याला पाठ देत होती. आयरिनला संताप आला. आईवर कधी चढला नव्हता एवढा तिचा आवाज चढला. “आय, मी तिथं होते! मला ऐकू येत होतं!”

“समद्यांना आयकू येत व्हतं गो,” आय म्हणाली. तिने ते इतकं साधेपणाने सांगितलं, की आयरिन पायरीवर बसलीच. किनाऱ्याकडून वाळलेल्या बोंबलाचा खमंग वास येत होता, हा खरा, रोजचा. मग आय आपणहून बोलू लागली. “रोज आयकू येवाचं. का म्हणतो ते आयकाचं नव्हतं, म्हून आयकला न्हाय. एकदा पाठ दिली, आता पयली कोन वळंल? मी वळले तं बाकीच्या बोलतील, हिचा का लागतो तो? आणि त्या वळल्या तं मी बोलन.” तो त्या दिवशी का गेला होता, आयरिनने विचारलं. आयने तिच्या आवाजाच्या दिशेने तोंड केलं. “कोनी इचारलं?”

पुढचं तिने हळू सांगितलं. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या, किनारा मोकळा पडला. पावसानंतर बोटी परत लागू लागल्या, लिलाव सुरू झाले, आणि पहिल्याच संध्याकाळी तो मागून बोलला. आणि वर एक. “पन सायकल व्हती तिथंच. पावसाच्या आधीपासून. अख्ख्या पावसात कोनी हलवलीच नव्हती. आमी समद्या एकमेकींकडं बघाला लागलो. भाईंदरवरनं रोज तो कसा यायचा गो, सायकल न्हाय तं? त्या आवाजामागं माणूस हाय का न्हाय ते बघाचं तं कंदील म्होरं करावा लागला असता.” आयने मूठ उघडली, जपमाळ मांडीवर सोडली. “मी न्हाय केला. भ्याले. जिवंत निघाला तं माझी लाज, आणि न्हाय निघाला तं...” तिने वाक्य पुरं केलं नाही. आत जाऊन, भिंतीला हात लावत लावत, ती तो कंदील घेऊन आली. तोच, डाव्या हातातला. कडीला तिच्या बोटांचा आकार पडला होता. “ह्यो घेऊन जा. माज्या डोल्यांना आता ह्याचा उजेड कळत न्हाय. इकू नको पन. आणि आयक, जर कुठं त्याला आवाज दिलास तं तुला माल द्यावा लागंल. लिलावात आवाज दिला की मोडता येत न्हाय.” कुठला माल, आयरिनने विचारलं. “हातात असंल तो,” आय म्हणाली.

जाताना ती वलांड्यांजवळून गेली. सायकल नव्हती, असणार कशी. वाळूतून वर आलेला लोखंडाचा एक वीतभर तुकडा होता, आणि त्या वलांडीवर तेवढ्याच जागेत बोंबील टांगलेला नव्हता. आजूबाजूला सगळं भरलेलं, आणि तेवढा एक माणूसभर रुंद तुकडा मोकळा. तिथे माल घालणारी मुलगी नवीन होती, वीसबावीस वर्षांची, तिला काशीनाथ माहीत असणं शक्यच नव्हतं. इथे का नाही टांगत गं, आयरिनने विचारलं. ती म्हणाली, “न्हाय टांगत. पयल्यापासून.”

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. सॅव्हियो आला होता, चहा करून पीत होता. तिच्या हातातला कंदील बघून म्हणाला, “हा भारी आहे. याला लाल खूण पुसून निघेल एवढी बोली येईल.” आयरिनने कंदील टेबलावर ठेवला आणि कॉम्प्युटर लावला. केबलवाल्याचं इंटरनेट आपल्या लहरीने चालू झालं. ब्लॉक केलेल्यांची यादी उघडली. एकामागून एक नावं, कुठल्याच नावाला चेहरा नव्हता. आता लाल खुणा वाढतील आणि आपण आपलं खातं गमावणार, सगळ्या चांदण्या, सगळ्या ओळी, हे तिला कळत होतं, आणि त्याचं तिला खरंखुरं वाईट वाटत होतं. तरी तिने एकेक नाव काढून टाकलं. मग शेवटच्या नावाला निरोप लिहायला घेतला. तुम्ही वस्तू का घेत नाही, एवढंच तिला विचारायचं होतं. ते लिहिलं. आणि त्याखाली बोटं लिहीतच राहिली. त्या दिवशी काय झालं होतं? मला ऐकायचं आहे. उजेडात चेहरा दिसतो. तिने बटण दाबलं. पडद्यावरचं छोटं घड्याळ फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि मग साइटने कळवलं की या नावाचा सभासद आमच्याकडे नाही. ती ते वाक्य वाचतच होती, तेवढ्यात लाइट गेली. पडदा विझला, पंखा रेंगाळत थांबला, रस्त्यावरचे दिवे गेले, भाजीवाल्याचं ओरडणं मध्येच तुटलं. बेव्हर्ली पार्कमध्ये एरवी लाइट गेली की सगळ्या खिडक्यांतून ओरडा व्हायचा. आज कुणी ओरडलं नाही.

“मेणबत्ती कुठे आहे?” सॅव्हियोने स्वयंपाकघरातून विचारलं. आयरिनने कंदिलात रॉकेल ओतलं, वात वर केली, काडी ओढली. उजेड पिवळा आणि थोडा धुरकट होता, आणि तिला तो आपल्या हातापेक्षाही ओळखीचा वाटला. ती दार उघडून जिन्यावर आली. लिफ्ट मध्येच कुठेतरी अडकली होती. खालच्या वळणापाशी अंधार होता, नुसता अंधार, आणि त्यात तो वास होता. आता माघारी फिरावं, दार लावावं, कडी घालावी, सॅव्हियोच्या शेजारी बसून लाइट यायची वाट बघावी. किती सोपं होतं. आईने तेच केलं होतं, आणि आईच्या बरोबरीच्या बायकांनीही. मग खालून तो आवाज आला. सावकाश, थोडा बसलेला, लहानपणी मानेवर यायचा तसाच.

“आणि वर एक.”

सॅव्हियो तिच्या मागे दारात येऊन उभा राहिला होता. “आयरिन, कुणाला शोधतेस? तिथं कुणी नाही.” त्याने ते प्रेमाने म्हटलं, काळजीने म्हटलं, आणि त्याचा हात तिच्या खांद्यावर आला, तिला मागे वळवणारा. ती वळली नाही. खांदा सोडवून घेऊन तिने कंदील डाव्या हातात घेतला, कडीवरच्या आईच्या बोटांच्या खुणांत स्वतःची बोटं बसवली आणि तो जिन्याच्या अंधारात, जमेल तेवढा, पुढे धरला. आवाज दिला की हातात असेल तो माल द्यावा लागतो, हे तिला आठवत होतं, आणि हातात हा कंदीलच होता.

“ऐकू येतंय, काका,” ती म्हणाली. “पुढे या. त्या दिवशी तुम्ही का गेलात?”

जिथपर्यंत उजेड पोचत नव्हता तिथे कुणीतरी घसा खाकरला. काहीतरी ओलं पायरीवर टेकवल्याचा आवाज झाला, डोक्यावरची टोपली उतरवून खाली ठेवावी तसा. मग तो सांगायला लागला, अगदी पहिल्यापासून, लांबलचक आणि घाईघाईने, आणि आयरिन ऐकत उभी राहिली.